शरदातील घर आणि परसबाग

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. परतीचा पाऊस सरत येतो, आकाश निवळते, दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते. वर्षातला हा फार सुंदर काळ. पण आपल्याकडे या ऋतूकडे ऋतू म्हणून पाहायला सवड कोणाला आहे? बाजरीची काढणी, सोयाबीनची मळणी, कापसाची पहिली वेचणी, ज्वारीची पेरणी आणि कांद्याचे रोप ही सगळी कामे एकाच महिन्यात येऊन पडतात. या धांदलीत घराभोवतीची मोकळी जागा तशीच राहते. तिथे पावसात माजलेला काँग्रेस गवताचा रान असतो, मोरीच्या पाण्याचे डबके असते, आणि घरधनी आठवडे बाजारातून मेथीची जुडी विकत आणत असतो. दहा एकरांचा मालक जुडीच्या भावासाठी घासाघीस करतो, हे चित्र आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही बाजारात दिसेल.

आज मी त्या मोकळ्या जागेविषयी बोलणार आहे. आम्ही शस्यविद्या शिकवणारे लोक नेहमी हेक्टर आणि क्विंटलच्या भाषेत बोलतो. आज थोडे बादलीच्या भाषेत बोलू.

परसबाग म्हटली की आपल्याकडचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. तो रास्त आहे. आपला जिल्हा, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पावसाच्या बाबतीत एकसारखा नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा पट्टा एवढा पाऊस घेतो की त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तेथून पूर्वेकडे यावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे सारे पर्जन्यछायेतील तालुके. तेथील माणसाला भाजीचे वाफे भिजवायला सांगणे म्हणजे प्यायचे पाणी जमिनीत ओतायला सांगण्यासारखे वाटते. म्हणून आधी हिशेब मांडू.

भाजीच्या वाफ्याला रोज किती पाणी लागते, हे हवा ठरवते. ऊन, वारा आणि हवेतील कोरडेपणा जितका जास्त, तितके जमिनीतून आणि पानांतून पाणी उडून जाते. ऑक्टोबरचे ऊन कितीही चटकले तरी जमिनीत ओल असते, दिवस लहान होत जातो आणि रात्री थंड असतात. या दिवसांत एका चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण ४ लिटर पाणी धरले तर चालते. एप्रिल-मे महिन्यांत हीच गरज दुपटीवर जाते. म्हणजे शरदातली एक बादली उन्हाळ्यातल्या दोन बादल्यांचे काम करते. आपल्या कोरड्या तालुक्यांत परसबागेचा खरा हंगाम हाच आहे, आणि नेमका तोच आपण हातचा घालवतो.

आता घरातले पाणी पाहा. जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. आंघोळ, भांडी, भाजी-धान्य धुणे यांतून त्यातील निम्मे जरी परत मिळाले तरी १३०-१४० लिटर पाणी रोज मोरीतून बाहेर पडते. प्रति चौरस मीटर ४ लिटरने भागले की उत्तर ३० ते ३५ चौरस मीटर येते. एका गुंठ्याचा तिसरा हिस्सा. परसबागेच्या पुस्तकांत पाच माणसांच्या कुटुंबाला २०० ते २५० चौरस मीटर जागा लिहिलेली असते. ती बागायती गावात शोभते. जामखेड-कर्जतच्या शेतकऱ्याने तो आकडा वाचला की तो परसबागेचा नादच सोडतो. माझे सांगणे एवढेच की जागा पाण्यावरून ठरवावी, पुस्तकावरून ठरवू नये.

एवढ्याशा जागेत काय होते, हाही हिशेब करू. मेथी-पालकासारखी पालेभाजी एका चौरस मीटरला एका कापणीत साधारण एक किलो मिळते. पाच माणसांना माणशी १०० ग्रॅम पालेभाजी धरली तर रोज अर्धा किलो, म्हणजे रोज अर्धा चौरस मीटर वाफा कापायचा. पेरणीपासून कापणीपर्यंत ३५ दिवस धरले, तर साडेसतरा चौरस मीटरात घराची पालेभाजी बारा-पंधरा दिवसांच्या टप्प्यांनी अखंड चालते. उरलेल्या निम्म्या जागेत मुळा, गाजर, लसूण, चार मिरचीची आणि चार वांग्याची झाडे, कुंपणाला वाल-घेवडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी दररोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. तेवढी सगळी भाजी या बागेतून निघणार नाही, बाजार काही अंशी राहीलच. परंतु जी भाजी सर्वांत लवकर कोमेजते आणि जिच्यावरच्या फवारणीची खात्री आपल्याला देता येत नाही, ती तरी घरची होईल.

पाण्याचा असा ताळेबंद मांडण्याची रीत आपल्याच जिल्ह्याने देशाला दाखवली आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पद्मश्री पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पावसाळा संपला की गाव पाण्याचा हिशेब करते. भूजल किती साठले, पिण्यासाठी किती ठेवायचे आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिके घ्यायची, हे ग्रामसभेत ठरते. ऊस आणि केळीसारखी जास्त पाण्याची पिके तेथे गावाने बंद ठेवली. जे गावाला जमले ते एका अंगणाला जमण्यासारखे नाही असे कोणी म्हणू नये. आश्विनाच्या पहिल्या आठवड्यात मोरीखाली बादली लावून एक दिवस पाणी मोजावे. तेवढ्याने बागेचे क्षेत्र कळते.

मोरीचे पाणी सरसकट वाफ्यात सोडू नये, हे मात्र निक्षून सांगतो. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वेगळे काढावे. त्यातील सोडियममुळे आपली काळी जमीन चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. ते पाणी केळी, कर्दळ यांच्या आळ्यात घालावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी वाळू-खडीच्या लहान खड्ड्यातून निथळून घ्यावे, सरीतून मुळाशी द्यावे, पानांवर उडवू नये. भांडी राखेने घासणारी घरे अजून आहेत. त्यांचे पाणी उत्तम. कोथिंबीर, मुळा, गाजर ही कच्ची खायची भाजी चांगल्या पाण्यावरच वाढवावी. आणि वाफे उघडे ठेवू नयेत. सोयाबीनचा भुसा, बाजरीचे सरमाड, उसाचे पाचट जे हाताशी असेल त्याचा दोन-तीन बोटे थर रोपांच्या ओळींत पसरला की पाणी बरेच वाचते.

वाफे कसे करावेत? मागच्या काही वर्षांचा अनुभव पाहता गादीवाफे करावेत. परतीच्या पावसाचा भरवसा उरलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या एरवी पाण्यासाठी तळमळणाऱ्या भागांत अतिवृष्टीने शेते वाहून गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १५ सें.मी. उंच, एक मीटर रुंद आणि जागेप्रमाणे लांब असा वाफा केला तर दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही आणि मोठी सर आली तरी मुळे कुजत नाहीत. दर चौरस मीटरला एक पाटी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते.

बी एकदम टाकून मोकळे होऊ नये. मेथी, पालक आणि कोथिंबीर दर बारा-पंधरा दिवसांनी एकेका तुकड्यात पेरावी. कोथिंबिरीसाठी धने रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. अख्खे धने पेरून उगवण होत नाही म्हणणारे दरवर्षी भेटतात. कोबी-फुलकोबीची रोपे गादीवाफ्यावर चार-पाच आठवड्यांची झाली की संध्याकाळच्या वेळी लावावीत. वाटाणा पावसाने पूर्ण उघडीप दिल्यावरच पेरावा. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात १५ बाय १० सें.मी. अंतरावर, टोक वर ठेवून लावाव्यात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत या जाती आपल्याकडे चांगल्या येतात. एका कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढा लसूण तीन-चार चौरस मीटरात होतो, आणि लसणाचे भाव कसे उड्या मारतात ते मी सांगायला नको.

आता थोडे सणांविषयी. शरदातले आपले सण शेतीच्या कामांवरच बसवलेले आहेत. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. शेतातली माती आणून त्यात गहू, ज्वारी, हरभरा पेरतात आणि दसऱ्याला वाढलेले तुरे टोपीत खोवतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने जपावा. पण पेरणीच्या तोंडावर घरात नऊ दिवस बी उगवून पाहणे ही उगवण चाचणीच आहे. मालदांडीसारखी रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरायची असते, म्हणजे घटाची वेळ अगदी नेमकी आहे. माझी विनंती एवढीच की घटाशेजारी ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर घरच्या ज्वारीचे १०० दाणे मोजून ठेवा. गुंडाळी ओलसर राहील असे पाहा आणि आठव्या-नवव्या दिवशी कोंब मोजा. ७५ किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणे निर्धास्त वापरावे. कमी उगवले तर बियाणे बदलावे किंवा त्या मानाने वाढवावे. घरातील शाळकरी मुलाकडे हे काम सोपवावे. तो घटाचे तुरे आणि गोणपाटावरचे कोंब दोन्ही रोज मोजील आणि कोणाला सांगितल्यावाचून राहणार नाही.

घट बसण्यापूर्वी घरातल्या गोधड्या, वाकळा धुण्याची आपली चाल आहे. पावसाळ्यात दमट झालेले सारे याच उन्हात वाळते. गोधड्यांबरोबर पुढच्या हंगामासाठी ठेवायचे मूग, उडीद, चवळी यांचे बियाणेही या दिवसांत वाळवून घ्यावे. सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर बियाणे थेट टाकू नये, चटईवर किंवा गोणपाटावर पातळ पसरावे आणि भर दुपारी सावलीत ओढावे. गार झाल्यावरच भरावे.

फुलांना जागा द्यावी की नाही, असे काहीजण विचारतात. जरूर द्यावी. अकोळनेर परिसरातील शेवंती आणि पारनेर, नगर तालुक्यांतील झेंडू बाजारात जातो, पण पिकवणाऱ्याच्या दारातच फूल नसते असे अनेकदा दिसते. दसऱ्याच्या सकाळी चढा असलेला झेंडूचा भाव दुपारपर्यंत कसा कोसळतो आणि रस्त्याकडेला ढीग कसे पडतात, हे फूल उत्पादकांनी सोसलेले आहे. व्यापारी लागवडीचा तो विषय वेगळा आणि मोठा आहे. घरासाठी वीस-पंचवीस झाडे पुरतात. जुलैत रोपे टाकून लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की झाड पसरते आणि फुले वाढतात. यंदा राहून गेले असेल तर दसऱ्याच्या तोरणातली चांगली फुले वाळवून बी ठेवावे. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात झेंडूचे पीक घेतल्यास मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो, हा त्याचा आणखी एक उपयोग. गंमत अशी की ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडेही तो शरदातच, नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी वाटेवर अंथरतात.

पारिजातक, आपटा आणि हादगा ही तीन झाडे शरदाची म्हणून बांधावर किंवा कुंपणाला लावण्यासारखी आहेत. पारिजातकाला निगा जवळजवळ लागत नाही, आणि पहाटे अंगणात पडलेला सडा वेचायला म्हातारी माणसे व नातवंडे दोघेही आपण होऊन उठतात. आपट्याची पाने सोने म्हणून वाटताना फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. स्वतःच्या बांधावर एक झाड असले तर चार पाने खुडून काम भागते. हादग्याच्या फुलांची भाजी होते, भजी होतात, आणि त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात.

आता बियाण्याविषयी, कारण मला वाटते परसबागेतले सर्वांत मोलाचे पीक तेच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव आपण ऐकले आहे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला तेव्हा विकतच्या, फवारलेल्या भाज्यांविषयी त्यांना शंका आली आणि त्या जुन्या गावठी वाणांकडे वळल्या, असे त्या सांगत आल्या आहेत. वाल-घेवड्याचे कित्येक प्रकार, भात, नागली, वेलभाज्या यांचे बियाणे त्यांनी परसात वाढवले, राखेत आणि मातीच्या मडक्यांत जपले, शेजारणींना वाटले. पुढे बायफ संस्थेचे साहाय्य मिळाले, बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठातला माणूस म्हणून मी सुधारित वाणांचाच पुरस्कार करतो, शेतात ते वापरलेच पाहिजेत. पण परसात जी चव, जो टिकाऊपणा आणि जे बी आजीपासून चालत आले, ते एकदा हरवले की कोणत्याही दुकानात मिळत नाही. एखाद्या घरात म्हातारी गेली की तिच्या गाडग्यातला घेवडा त्या वर्षी पेरायचा राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याची उगवण होत नाही. इतक्या साध्या रीतीने वाण संपतात.

बी धरण्याची वेळ याच ऋतूत सुरू होते. वाल-घेवड्याचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे वाण शुद्ध राखणे सोपे. पाच-सहा निरोगी वेल निवडून त्यांना रंगीत दोरा बांधावा आणि त्यांच्यावरील काही चांगल्या शेंगा भाजीसाठी तोडूच नयेत. दोरा बांधलेला वेल सुनेने चुकून खुडला तर रागावू नये, तिला आधी सांगितले होते का ते आठवावे! दुधी, भोपळा, दोडका यांचे तसे नाही. मधमाशा शेजारच्या वेलाचे पराग आणतात आणि दोन वाणांची भेसळ होते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. दुपारी मादीकळी आणि नरकळी अशा दोन्हींच्या टोकांना दोरा बांधून ठेवावा, फूल उमलण्याच्या वेळी दोरे सोडून नरफूल मादीफुलावर हलके फिरवावे आणि मादीफूल पुन्हा बांधावे. दिवसभराचे काम उरकल्यावर ओट्यावर चहा घेता घेता होणारे हे काम आहे. संकरित भाजीचे बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत ते एकसारखे राहत नाही.

कीड येईल. ढगाळ हवेत वालावर मावा आणि कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग ठरलेला. घरच्या भाजीवर शेतातल्या पंपातले उरलेले औषध मारण्याचा मोह कृपया टाळा. निंबोळीची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावी. माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकले तरी निम्मे काम होते.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. सुगीत घराजवळ धान्य येते, त्यामागे उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. सरपण, पाचट यांचे ढीग भिंतीला लागून ठेवू नयेत, वेलाचे मांडव दारापासून चार हात दूर करावेत, आणि अंधारात भाजी खुडायला बॅटरीशिवाय जाऊ नये. सर्पदंश झाल्यास इकडेतिकडे वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा. दुसरे म्हणजे पाणी साठवण्याच्या टाक्या, पिंपे झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवावीत, कारण डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

शेवटी एक बोलतो, पुरुष मंडळींना कदाचित आवडणार नाही. परसबाग हे बायकांचे काम असे आपण गृहीत धरतो. सुगीच्या दिवसांत घरातली बाई पहाटे स्वयंपाक, दिवसभर खुरपणी-वेचणी आणि रात्री पुन्हा चूल असा दिवस काढते. तिच्यावर आणखी एक वाफा लादायचा असेल तर परसबाग करू नका, बाजारची मेथी बरी. वाफे खणणे, खत टाकणे, मोरीचा खड्डा आणि सऱ्या काढणे ही कामे पुरुषांनी एका दिवसात उरकून द्यावीत. मग रोजचे काम अर्ध्या तासाचे राहते आणि ते सर्वांत वाटून घेता येते. कोजागरीला दूध आटवायला अंगणात बसण्यापूर्वी ही जागा तयार झाली, तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पहिली मेथी ताटात येईल.

रोपे, बियाणे आणि माती-पाणी तपासणी यांबद्दल राहुरी येथील विद्यापीठात तसेच बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. येताना आपल्या घरचा घेवडा, दुधी किंवा मिरचीचे मूठभर बी कागदात बांधून, त्यावर वाणाचे गावठी नाव आणि ते किती वर्षे घरात आहे हे लिहून बरोबर आणावे.